अर्धी प्रदक्षिणा

नेपरव्हिल, ८ मे

नीलांबरीताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका, इथे सगळे सुखरूप आहेत. फॅमिली ग्रुपवर काही लिहिलं की निमिष आणि इशिता ते वाचतात आणि खाली अंगठा टाकून मोकळे होतात. दोघी विहिणींचं बोलणं दोघींतच राहावं, म्हणून हा जुना मार्ग. शिवाय फोनवर तुम्ही प्रत्येक गोष्टीला "चालेल" म्हणता, त्यामुळे तुमच्या मनात काय आहे ते मला सहा वर्षांत कळलेलं नाही. कागदावर एवढा एकच शब्द लिहून पाठवायचा तुम्हालाही संकोच वाटेल अशी आशा आहे.

विषय नावेचा. मुलांनी सप्टेंबरात आठवडाभर इंग्लंडच्या कालव्यांवर नाव भाड्यानं घेतली आहे. आम्ही दोघं, तुम्ही दोघं, ती दोघं आणि आपली नात रुही. निमिष मला म्हणाला, "आई, रूट तुम्ही दोघी ठरवा ना. तू जिओग्राफी शिकवायचीस, and you're free anyway." हे "फ्री" मलाच उद्देशून होतं, कारण तुम्ही मुलांकडे राहून रुहीला शाळेतून आणता, भरवता, झोपवता. मी नेपरव्हिलमध्ये बसून काय करते, तर लायब्ररीतली पुस्तकं परत मांडते. असो, त्याच लायब्ररीतून मी नकाशा आणला. आठवडाभर तो डायनिंग टेबलवर पसरलाय आणि अरुण ओट्याशी उभं राहून जेवतोय.

मला कळलं ते सांगते. नाव लांबलचक पण इतकी चिंचोळी असते की आतून दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. आपल्याबाबत मी राहीन, काळजी नको. जमीन चढली की कालवाही चढतो, त्यासाठी वाटेत लॉक असतात. नाव दोन दारांच्या मधे उभी करायची, पाणी आत सोडायचं, नाव वर येते, मग पुढचं दार उघडायचं. हे सगळं काठावर उतरून आपल्या हातांनी करायचं असतं.

मार्ग दोन प्रकारचे. एक म्हणजे जायचं आणि आलो तसंच परत यायचं. दुसरा गोल, नाववाले त्याला रिंग म्हणतात. निघालो तिथेच परत, पण एकही झाड दुसऱ्यांदा दिसत नाही. मी फोर काउंटीज रिंग निवडली आहे. ग्रेट हेवूडहून निघून चार परगण्यांतून फिरून पुन्हा ग्रेट हेवूड. आठवड्यात होते, मात्र रेंगाळून चालत नाही. एकदा अर्ध्याच्या पुढे गेलं की मागे फिरण्यात अर्थ नसतो, पुढेच जावं लागतं.

डावीकडून जायचं की उजवीकडून, हा प्रश्न मला पडला नाही. आपण प्रदक्षिणा उजवीच घालतो. घड्याळाच्या काट्याप्रमाणे.

रुही आमच्या केबिनमध्ये झोपेल असं मी धरलं आहे. तुमच्याकडे ती रोजच असते.

तुमची विहीण,
सुलभा


नेपरव्हिल, ९ जून

नीलांबरीताई,

तुम्ही पत्राला पत्र न लिहिता फोन केलात आणि वर मेतकुटाचं पार्सलही पाठवलंत. मेतकूट चांगलं आहे. अरुण तर दोन वेळा खातो आणि दर घासाला "वा" म्हणतो, ते मला ऐकू येतं.

फोनवर तुम्ही अगदी हळू आवाजात म्हणालात, "सुलभाताई, शंकराला मात्र पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. सोमसूत्रापर्यंत जायचं, पाण्याची ती पन्हळ ओलांडायची नाही, तिथून वळायचं आणि आलो तसं परत." म्हणजे तुम्हाला जाऊन परत येण्याचा मार्ग हवा आहे, आणि ते सरळ सांगण्याऐवजी तुम्ही देवच बदललात! फोन ठेवल्यावर मला सुचलं, की आपण शंकराच्या देवळात चाललेलो नाही, स्टॅफर्डशायरला चाललो आहोत.

अरुणनं नकाशा वाचून आणखी एक खोडा काढला. म्हणे उजवीकडून गेलं तर चेशर लॉक्सची चढण आठवड्याच्या शेवटी येते, जेव्हा सगळ्यांचे हात गळून गेलेले असतात. त्या चढणीला नाववाले हार्टब्रेक हिल म्हणतात. उलटं गेलं तर तीच चढण उतरण होते. मी म्हटलं, उलटी प्रदक्षिणा आमच्या घरात कोणी घातलेली नाही. तो ओट्याकडे जेवायला गेला.

आता कामांची वाटणी. लॉकची दारं ढकलायला दोन माणसं हवीत, एक निमिष आणि एक तुम्ही. तुम्ही रोज योगा करता, चालायला जाता, तुमचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत. मी आत रुहीपाशी बसेन. वाटणी तुम्हाला थोडी एकतर्फी वाटेल. वाटू दे.

कारणही सांगून टाकते, नाहीतर हे पत्र भरकटायचं. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही सगळे जेवत होतात आणि निमिषनं टेबलावर फोन उभा करून ठेवला होता. मधेच तो म्हणाला, "आई, थोडी आमटी." मी इथे पटकन म्हणाले, "अरे, इथून कशी वाढू?" सगळे हसले, मीही हसले. तोवर तुमचा हात फ्रेममध्ये आला होता आणि डाव त्याच्या वाटीत रिकामा झाला होता. त्यानं स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नव्हतं. मग रुही मोठ्यानं म्हणाली, "नेपरव्हिल आज्जी is so funny."

तुम्ही तिची आज्जी. मी नेपरव्हिल आज्जी. ज्या नातेवाइकाच्या नावाला गावाचं नाव जोडावं लागतं, तो नातेवाईक लांबचा असतो हे पाच वर्षांच्या मुलीलाही कळतं. तुमचा मला हेवा वाटतो, नीलांबरीताई. आमटीचा वाटतो, त्या हाताचा वाटतो. तुम्हाला तो आई म्हणतो याचाही वाटतो, आणि लग्नात "तिच्या आईलाही आईच म्हण" असं त्याला मीच बजावलं होतं.

रिंग ठरली. नावेच्या कंपनीतल्या बाईंना मी ईमेल केली आहे.

सुलभा


नेपरव्हिल, २२ जून

नीलांबरीताई,

काल फोनवर तुमच्या तोंडून निघून गेलं. मी लॉक्सबद्दल बोलत होते, इशितालाही थोडं ढकलू दे म्हणत होते, आणि तुम्ही म्हणालात, "छे छे, तिला कुठे! तेव्हा पाचवा लागलेला असेल." मग गॅसवर दूध आहे म्हणून तुम्ही घाईघाईनं फोन ठेवलात.

अभिनंदन. तुमचं आणि माझंही, कारण ते नातवंड माझंसुद्धा आहे, असं मला वाटत होतं.

निमिषला लगेच फोन केला. तो म्हणाला, "आई यार, it's too early. आम्ही कुणालाच सांगितलं नाहीये." कुणालाच. तुम्ही "कुणी" या शब्दात बसत नाही. तुम्ही त्या घराच्या भिंतींसारख्या, तुम्हाला सांगावं लागत नाही. मी त्याच देशात, पण दोन हजार मैलांवर ग्रुपवर अंगठे मोजत बसलेली. तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं ते मी विचारत नाही. तुम्ही मला मेतकूट पाठवलंत, तेव्हा ते आधी कुणासाठी दळलं असेल एवढं मला आता समजतंय.

आता मी जे लिहिणार आहे ते वरमाय म्हणून लिहिते. तो अधिकार मी आजवर वापरलेला नाही. लग्नात तुम्ही विचारलंत, "तुमचं काही असेल तर सांगा," तेव्हा आम्ही "मुलगी आणि नारळ" म्हणालो आणि खरोखर नारळ घेऊन घरी आलो. आता मला काही हवं आहे.

पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. म्हणून रुहीच्या वेळी इशितानं "तुम्ही कधी येताय?" असं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "पहिला मान तुझ्या आईचा, मी बारशाला येईन." आले. तुमच्या सोफ्यावर दहा दिवस बसले. पाणी प्यायला उठले तरी तुम्ही "अहो तुम्ही बसा, तुम्ही कशाला" म्हणत ग्लास हातात आणून दिलात. बाळ रडलं की तुम्ही उचललंत, शांत झालं की माझ्या मांडीवर दोन मिनिटं ठेवून फोटो काढलात. रुखवतात मांडलेल्या बाहुलीसारखी मी तिथे बसले होते. इकडे परत येताना विमानात मला रडू आलं. शेजारच्या माणसानं टिश्यू दिला आणि विचारलं, "Funeral?" मी म्हटलं, "No, grandchild."

दुसरं बाळंतपण सासरचं. ही रीत तुमच्याकडेही आहे. फेब्रुवारी माझा. इशिताला तेल मी लावीन, बाळाला न्हाऊ मी घालीन, डिंकाचे लाडू मी करीन. तुम्ही त्या वेळी पुण्याला जा, किंवा सोफ्यावर बसा. ग्लास मी आणून देईन.

आणि रिंगच करायची. उजवीकडून.

सुलभा


नेपरव्हिल, १४ जुलै

नीलांबरीताई,

तुमचं उत्तर आलं नाही, पण निमिषचा फोन आला. तुम्ही माझं पत्र त्याला दाखवलेलं नाही हे त्याच्या आवाजावरून कळलं, त्याबद्दल आभार मानायला हवेत. मीच त्याला फेब्रुवारीचं म्हणाले. तो बराच वेळ ऊंऊं करत राहिला. मग म्हणाला, "आई, don't take it wrong. तू ये ना, नक्की ये. पण इशिताला त्या वेळी तिची आई हवी आहे. म्हणजे, तिला दुखतंय, ती रडतेय, तर ती तुझ्यासमोर नीट रडू शकणार नाही. She'll be polite."

पोलाइट. निमिष झाला तेव्हा मला माझी आई हवी होती आणि ती नागपूरला होती. सासूबाई आल्या होत्या आणि मी त्यांच्यासमोर पोलाइटच होते. तेव्हा इशिताचं चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडले असते.

रीत, मान, सासर, माहेर, सगळं एका वाक्यात संपलं. एका मुलीला तिची आई हवी. तिथे मी कुठल्या नात्यानं उभी राहू?

तर आता असं करा. मी नावेवर येत नाही. अरुण येईल, त्याला सुकाणू धरायची हौस आहे. मुलांना गुडघ्याचं कारण सांगा, मीही तेच सांगितलं आहे आणि गुडघा खरंच दुखतो. मार्ग तुम्हीच ठरवा. जाऊन परत या, नाहीतर नाव एकाच जागी बांधून ठेवा. नकाशा गुंडाळून ठेवलाय. अरुण पुन्हा टेबलावर जेवतो, पण आता तो "वा" म्हणत नाही, कारण मी स्वयंपाकात लक्ष घालत नाही.

तुम्ही जिंकलात असं लिहिणार होते. पण तुम्ही खेळतच नव्हतात, हा तर माझा खरा राग आहे.

सुलभा


नेपरव्हिल, ३ ऑगस्ट

नीलांबरीताई,

काल तुमचा फोन झाल्यापासून काय लिहायचं ते मनात घोळतंय. आज सकाळी लॉनवर पाणी सोडून अरुण गाडी धुवायला गेला, तेव्हा बसले.

तुम्ही "कशा आहात" न विचारता एकदम सुरुवात केलीत, हे तुमच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं. म्हणालात, "सुलभाताई, रुही झाली तेव्हा माझी पाठ धरली होती. मला बाळ उचलवत नव्हतं. तुम्ही समोर सोफ्यावर बसलेल्या. 'जरा हिला धरा हो, मी आडवी होते,' असं रोज ओठांवर यायचं. पण मुलीकडच्यांनी वरमायला कामाला लावायचं कसं? मी तुम्हाला पाण्याचा ग्लास द्यायचे आणि आत जाऊन पाठ शेकायचे. तुम्हाला वाटायचं मी मिरवतेय. मला वाटायचं तुम्ही पाहुण्यासारख्या आलात, हात लावायची इच्छा दिसत नाही."

मी तुम्हाला तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देते. त्या सोफ्यावर मी फक्त एवढ्याचीच वाट बघत होते, की कुणीतरी म्हणेल "जरा हिला धरा". तुम्ही माझा मान राखलात, मी तुमचा. एवढ्या मानात मूल उचलायला कुणाचा हात मोकळा राहिला नाही. मला हसावं की तुमच्यावर ओरडावं कळेना. आणि मग तुम्ही म्हणालात, "थांबा, हिला तुमच्याशी बोलायचंय," आणि फोन रुहीकडे देऊन निघून गेलात.

ती काय बोलली ते तुम्हाला ठाऊक नाही. ठाऊक असायला हवं, म्हणून लिहिते.

ती कुजबुजत म्हणाली, "नेपरव्हिल आज्जी, आज्जी only talks to Mumma's tummy now."

मी म्हटलं, "असं का?"

"Yes. ती Mumma ला भरवते. And she made लाडू and she said they are for baby. Baby has no teeth!"

"अगदी बरोबर. मग लाडवांचं काय झालं?"

यावर ती जे म्हणाली ते कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलंय. लाडवांचा डबा हलका लागला तर तुमच्या जगन्नाथरावांना विचारू नका, एवढंच सांगते.

मग मी तिला विचारलं, "तुला कसं वाटतं गं, आज्जी मम्माच्या पोटाशी बोलते तेव्हा?"

ती आणखी हळू आवाजात म्हणाली, "Hot. इथे. पोटात."

नीलांबरीताई, ते गरम मला माहीत आहे. आमटीच्या दिवशी इथे टेबलापाशी तेच होतं, "पाचवा लागलेला असेल" या वाक्यावर तेच होतं. मी तिला म्हटलं, "मलाही होतं तसं."

"You? पण तू तर old आहेस."

"म्हाताऱ्यांनाही होतं."

"कोणामुळे?"

खोटं बोलता आलं असतं, पण ज्या मुलीनं मला लाडवांचं सांगितलं तिच्याशी खोटं कसं बोलू? मी म्हटलं, "तुझ्या आज्जीमुळेच. ती तुझ्याशी रोज बोलते ना, म्हणून."

मला वाटलं, आता ही तुम्हाला हाक मारून सगळं सांगणार. पण ती केवढ्या आनंदानं ओरडली, "Same! आज्जी, same!"

तिनं गावाचं नाव लावलं नाही. चुकून राहिलं असेल, पुढच्या वेळी परत लावेल. मी त्यावर इमले बांधत नाही. पण मी नकाशा परत काढलाय.

नाव तीच, ग्रेट हेवूडहूनच. दिशाही तीच, उजवी. टिक्सॉलला कालवा तळ्यासारखा रुंद होतो, तिथे पहिला मुक्काम करू. मग पेंकरिजच्या बाजूला सावकाश जायचं. वाटेत थोडीच लॉक्स आहेत, ती निमिष आणि अरुण करतील. इशिता मागे खुर्ची टाकून बसेल. पुढे कालव्याच्या एका काठाला खाच पाडून जागा केलेली असते, लांब नाव वळवण्यासाठी. तिथे वळायचं आणि आलो तसं परत. हार्टब्रेक हिलपर्यंत जायचंच नाही. रुहीला जाताना जी बदकं दिसतील तीच येताना दिसतील, तिला ओळखीची वाटतील. तुमच्या शंकराचं मी ऐकलं, पण मी त्याच्यासाठी ऐकलेलं नाही हे लक्षात असू द्या. कंपनीच्या बाईंना कळवलं, त्यांनी "Much more relaxing!" असं उत्तर पाठवलंय.

आता फेब्रुवारी. इशिताला तिची आई हवी, तुम्ही तिच्यापाशी राहा. तिला पोटभर रडू द्या. बाळाला न्हाऊ तुम्हीच घाला, मी दारातून बघेन आणि मला हेवा वाटेल. तो वाटायचा थांबेल असं वचन मी देत नाही, त्याला या वयात कुठे हाकलणार? पण त्या घरात त्या वेळी आणखी एक जण पोटात गरम होऊन कोपऱ्यात बसलेली असेल. सगळे तिला म्हणतील, "तू आता ताई झालीस, शहाण्यासारखं वाग." तिला काय होतंय ते तुम्हाला कळणार नाही, निमिषला नाही, इशिताला तर नाहीच. तुम्ही चांगल्या आहात, तुमच्याकडून ते व्हायचं नाही. या विषयात माझा हात धरणारं तुमच्या घरात कुणी नाही.

तेव्हा मी जानेवारीच्या शेवटी येते. शाळेतून तिला मी आणेन, भरवेन, लाडू आम्ही दोघी मिळून संपवू. रात्री ती माझ्यापाशी झोपेल. तुमची पाठ धरली तर हाक मारा, बाळ धरायला मी शेजारच्याच खोलीत असेन. आणि आमटी एक दिवस मी करणार, निमिषनं कुणालाही आई म्हणून हाक मारली तरी.

एकच अट आहे. मी घरात पाऊल टाकलं की मला काम सांगा. काहीही सांगा, कोथिंबीर निवडायला बसवा. पण या वेळी मला सोफ्यावर बसवू नका.

सुलभा